हे पटत नाही, सर

“मला हे पटत नाही, सर,” मी म्हणाले. “इथे लेखकानं सरळ सरळ थाप मारली आहे.”

केळुसकर सर टेबलाच्या कोपऱ्यावर बसले होते. ते हसले. “थाप? बरं. ये पुढे. आमच्याकडे तोंड करून सांग, थाप कशी ते.”

मी बाकावरून उठले आणि फळ्यासमोर जाऊन उभी राहिले. शनिवारची सकाळची शाळा होती. नववीचा वर्ग. दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकती सुरू झाली होती.

केळुसकर सर त्या जूनमध्येच मालवणकडून आमच्या शिरसांगवीला आले होते. त्यांच्याआधी आम्हाला इंग्रजी शिकवायचे ते गुरुजी धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरं फळ्यावर लिहून द्यायचे आणि आम्ही ती पाठ करायचो. केळुसकर सरांनी नवंच सुरू केलं. दर शनिवारी शेवटच्या दोन तासांना ते एका जुन्या इंग्रजी कादंबरीचं एकेक प्रकरण वाचायचे, अडेल तिथे मराठीत सांगायचे आणि मग विचारायचे, “असं का झालं? तुम्हाला काय वाटतं?” आम्हाला काय वाटतं हे तोवर कुणी विचारलंच नव्हतं. पहिले काही शनिवार वर्ग नुसता एकमेकांकडे बघत बसला. मग हळूहळू तोंडं उघडली. सगळ्यात जास्त माझं.

कादंबरीचं नाव आता माझ्या लक्षात नाही. नंतर ती शोधावी असंही कधी वाटलं नाही. नदीकाठचं एक इंग्लंडमधलं गाव, तिथला एक गिरणीवाला आणि त्याचा मुलगा हॅरल्ड. खरं तर तो त्याचा मुलगा नसतोच. पुराच्या वेळी कुणाचं तरी सापडलेलं पोर त्यानं वाढवलेलं असतं. गावातल्या लोहारापासून चर्चच्या पाद्र्यापर्यंत सगळ्यांना ते माहीत असतं. माहीत नसतं ते फक्त हॅरल्डला. त्या शनिवारी आम्ही आलो होतो ते, त्याला ते कळतं त्या प्रकरणाशी.

“बोल,” सर म्हणाले.

“सर, अख्खं गाव म्हणजे किती माणसं,” मी म्हणाले. “आणि एकानंही सांगितलं नाही? पंधरा वर्षांत? दोन बायका नळावर भांडल्या तरी एकमेकींची सगळी उणीदुणी निघतात. पोरं तर खेळताना चिडली की काय वाट्टेल ते बोलतात. कुणीतरी बोललंच असतं. लेखकाला शेवटी धक्का द्यायचा होता, म्हणून त्यानं सगळ्या गावाची तोंडं शिवून टाकली.”

“छान,” सर म्हणाले. “आणखी?”

“आणि तो हॅरल्ड! त्याला काहीच कसं कळलं नाही? लोक त्याच्यासमोर बोलता बोलता थांबत असतील, त्याच्याकडे निराळं बघत असतील. त्याला एकदाही शंका येऊ नये? एक तर तो मठ्ठ आहे, नाहीतर लेखकाला आपण मठ्ठ वाटतो.”

एरवी अशा वाक्याला वर्ग हसला असता. मी थांबले ती त्या हसण्यासाठीच. कुणी हसलं नाही.

मला वाटलं, माझं म्हणणं इतकं बिनतोड आहे की यांना काही सुचेना. मला आनंदच झाला.

“आता दुसरी बाजू,” सर म्हणाले. “हेमलताचं म्हणणं खोडून काढा. विनायक?”

विनायक शेटे आणि मी पहिलीपासून एकमेकांच्या पुढेमागे होतो. मी म्हटलं पूर्व की त्यानं पश्चिम म्हणायचं, असं आमचं चालायचं. तो उभा राहिला. खाली बाकाकडे बघत राहिला.

“काय झालं? तू आणि गप्प?”

“नाही सर. काही नाही.”

“उत्तर येत नाही?”

“येतं,” विनायक म्हणाला. “पण नाही सांगणार.”

सरांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यांना तो उर्मटपणा वाटला. “मग उभाच राहा. संगीता, तू सांग.” संगीता उभी राहिली आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. “जालिंदर?” जालिंदर उभा राहिला. “मारुती? वंदना?” एकेक जण उभा राहत होता आणि एकेक जण गप्प राहत होता. सर चिडत चालले. इतके महिने त्यांनी आम्हाला बोलायला शिकवलं होतं आणि आज मुलांनी ठरवून संप केल्यासारखं त्यांना वाटत असणार.

“मी आठवडाभर घरी वाचून मग इथे येतो,” ते म्हणाले. “कशासाठी? सगळे उभे राहा. ज्याला काही बोलायचंय तोच बसेल.”

बाकं खरवडल्याचा आवाज झाला. अख्खा वर्ग उभा राहिला. बाहेरगावाहून येणारी चार-पाच पोरं गोंधळून इकडेतिकडे बघत होती, पण बाकीचे उभे म्हणून तीही उभी होती. बाकी कुणीच कुठे बघत नव्हतं. म्हणजे, माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. कुणी खिडकीकडे, कुणी स्वतःच्या चपलांकडे.

सरांनी टेबलावरची पट्टी उचलली. सरांनी पट्टी उचललेली मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिली. “विनायक, शेवटचं विचारतो.”

विनायकनं हात पुढे केला. उत्तर देण्याऐवजी त्यानं हात पुढे केला. पट्टी बसली. त्यानं तोंड वाकडं केलं, पण आवाज काढला नाही. मग दुसरा हात पुढे केला.

मुलींच्या रांगेत पहिल्या बाकावर माझी जागा मोकळी होती आणि तिच्याशेजारी निमा उभी होती. निर्मला तोडकर, माझी मैत्रीण. तिचे वडील एसटीत ड्रायव्हर, माझे अण्णा कंडक्टर. डेपोच्या चाळीत आमची घरं भिंतीला भिंत लागून. ती रडत होती. आवाज न करता, तोंड घट्ट मिटून, पण पाणी गळून हनुवटीपर्यंत आलेलं होतं. मला वाटलं, विनायकला मारलं म्हणून रडते आहे. मग वाटलं, विनायकला मारलं तर निमा का रडेल?

तेवढ्यात मागून शौकत मुजावर बोलला. शौकतला इंग्रजीचं ओ की ठो यायचं नाही. शनिवारच्या तासाला तो शेवटच्या बाकावर चक्क झोपायचा.

“सर, बास करा,” तो म्हणाला. “मारायचं तर आम्हाला सगळ्यांना मारा. पण तिला खाली बसवा.”

“कुणाला?”

“हेमाला. तिला बसवा, सर. पाया पडतो तुमच्या.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग वर्गाकडे. मग पुन्हा माझ्याकडे. त्यांच्या हातातली पट्टी खाली आली. मला अजूनही ते आठवतं. सरांना माझ्याआधी कळलं. फार आधी नाही, एखादा श्वास. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

“माझ्याबद्दल आहे का?” मी विचारलं.

एकानं जरी ‘नाही’ म्हटलं असतं ना, तर मी ते मानलं असतं. मला मानायचंच होतं. मी निमाकडे पाहिलं. “निमे, नाही म्हण.”

निमानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

मी दप्तर न घेताच निघाले. सर “हेमलता, थांब, बाळ,” असं काहीतरी म्हणत दारापर्यंत आले. निमा माझ्यामागून धावत आली, पण तिनं मला गाठलं नाही. थोडं अंतर ठेवून मागे चालत राहिली. 

शाळेपासून डेपोपर्यंतचा रस्ता माझ्या पायाखालचा. त्या दिवशी तो मला ओळखीचा वाटेना. किराणा दुकानातल्या शेटजींनी हाक मारली, “का गं हेमा, शाळा लवकर सुटली?” लहानपणापासून हा माणूस माझ्या हातावर शेंगदाणे ठेवायचा. माझ्या मनात आलं, यालाही माहीत आहे. सायकलच्या दुकानातल्या मामांना माहीत आहे. पोस्टमनला माहीत आहे. चाळीच्या तोंडाशी भाजी विकणाऱ्या गंगूमावशीला माहीत आहे. जो जो माझ्याशी कधी हसून बोलला, त्याचं ते हसू मी उलटंपालटं करून बघत होते. पाय चालत होते, पण ते माझे आहेत असं वाटत नव्हतं. हातापायांना मुंग्या आल्या होत्या. मला रडू येत नव्हतं. नुसती थंडी वाजत होती, भर उन्हात.

आई उंबऱ्याच्या आत बसून तांदूळ निवडत होती. मी दारात उभी राहिले.

“आई, मी तुझी नाही का?”

तिचा हात सुपात तसाच राहिला. ती ओरडेल, हसेल, ‘काय बाई हे खूळ’ म्हणेल, अशी मी वाट बघत होते. तिनं विचारलं, “कोण बोललं?”

“कुणीच नाही.”

“मग?”

“कुणीच बोललं नाही, म्हणून तर कळलं.”

आईनं सूप बाजूला सारलं. ते तिरपं झालं आणि तांदूळ फरशीवर सांडले. तिनं ते गोळा केले नाहीत. मागे उभ्या असलेल्या निमाला ती म्हणाली, “तू घरी जा, बाळा,” आणि मला दंडाला धरून आत घेतलं. 

“अण्णा येऊ देत,” ती म्हणाली.

“नाही. आत्ता.”

मग तिनं सांगितलं. सलग नाही, थांबत थांबत. अण्णा मांडव्याच्या गाडीवर होते. बाजाराचा दिवस होता, गाडी खच्चून भरलेली. दुपारी गाडी डेपोत आली, माणसं उतरली आणि अण्णा गाडी बघायला मागे गेले, तर शेवटच्या बाकावर दुपट्यात गुंडाळलेली मी. महिन्याचीसुद्धा नव्हते. पोलीस आले, दवाखान्यात नेलं, चौकशी झाली, मला न्यायला कुणी आलं नाही. आईला लग्नाला नऊ वर्षं होऊन मूल नव्हतं. तिनं मला जे उचललं ते पुन्हा खाली ठेवलंच नाही. पुढं वकील झाला, कोर्टातून रीतसर झालं सगळं.

“दूध तोडकरवहिनीनं पाजलं,” आई म्हणाली. “निमा दोन महिन्यांची होती. एकीकडे ती, एकीकडे तू.”

मी भिंतीकडे बघत होते. भिंतीच्या पलीकडे तोडकरकाकू होत्या. त्यांनाही माहीत. अर्थात माहीत.

“आणि सगळ्या गावानं ठरवलं?”

“डेपोतले मोठे लोक बसले होते तेव्हा. भुजंगराव कंट्रोलर म्हणाले, पोरगी आपल्या गाडीत आली, आपली आहे. तिच्या कानावर हे कुणी घालायचं नाही. ज्याच्या घरातून शब्द निघेल, त्याच्याशी आपला संबंध संपला. मग डेपोतून पेठेत गेलं, पेठेतून सगळीकडे. पोरं मोठी झाली तशी घराघरांतून त्यांनाही बजावलं असेल. आम्ही कुणाकडे मागायला गेलो नव्हतो, हेमा. लोकांनीच पाळलं.”

तिला वाटलं असेल, हे ऐकून मला बरं वाटेल. पुढे कितीतरी वर्षांनी खरंच वाटलं. विनायकचा पुढे केलेला हात मला आजही दिसतो. निमाशी मी महिनाभर बोलले नाही, आणि मग एक दिवस तिच्याच घरी जाऊन जेवले. केळुसकर सर पुढे आणखी दोन वर्षं आम्हाला होते, पण ती कादंबरी त्यांनी वर्गात पुन्हा उघडली नाही. पण त्या दुपारी मला फक्त एवढंच कळत होतं, की सगळे आत आहेत आणि मी एकटी बाहेर. इतकी वर्षं मी ज्यांना आपलं म्हणत होते, त्या सगळ्यांनी मिळून माझ्याभोवती एक भिंत बांधली होती, आणि मला ती दिसलीही नव्हती.

मी एका कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसले. आई दुसऱ्या कोपऱ्यात. मध्ये ते तांदूळ.

अण्णा दुपार कलायच्या आत आले. केळुसकर सर शाळेतून तडक डेपोत गेले होते आणि त्यांनी अण्णांना गाठून सगळं सांगितलं होतं. अण्णांनी ड्यूटी दुसऱ्याला दिली आणि तसेच आले, खाकी कपड्यांत, खांद्याला पैशांची कातडी पिशवी, ती डेपोत जमा करायचंही भान नव्हतं. त्यांनी आईकडे पाहिलं. सांगितलं, अशी आईनं मान हलवली.

“विचार,” अण्णा मला म्हणाले. “जे विचारशील ते सांगतो.”

“ती कोण होती?”

“नाव नाही माहीत. सावरगाव फाट्याला चढली. पायरी उंच, कुशीत तू. मग मीच तुला हातात घेतलं आणि म्हटलं, चढा बाई. आत आल्यावर तुला तिच्याकडे परत दिलं. पुलाजवळ पुष्कळ माणसं उतरली, त्यात ती उतरली असणार. मी गाडीत पुढे होतो. पाहिलं नाही.”

“तुम्ही तिला नंतर शोधलं नाही?”

अण्णांनी पिशवी खाली ठेवली. “शोधलं नाही. पण मांडव्याची गाडी सोडली नाही. दोनदा लांब पल्ल्याची गाडी देत होते, भत्ताही जास्त होता. नाही म्हटलं. म्हटलं, तिला कधी वाटलं विचारावंसं, तर फाट्यावर तीच गाडी यावी आणि गाडीत तोच माणूस असावा.”

आईनं चमकून वर पाहिलं. “मला तर म्हणाला होतात, संध्याकाळी घरी यायला मिळतं म्हणून ती गाडी बरी.”

“तेही होतंच.”

मी विचारलं, “मग? आली ती?”

मी ते सहज विचारलं होतं. उत्तर ‘नाही’ असणार, हे मी धरूनच चालले होते.  अण्णांनी डोक्यावरून हात फिरवला, मग तोंडावरून.

“अण्णा?”

“आली होती,” ते म्हणाले. “एकदा. तू दुसरीत होतीस.”

आईच्या तोंडून एक बारीक आवाज आला.

“त्याच फाट्याला चढली. मी ओळखलं, तिनंही मला ओळखलं. इथं डेपोपर्यंत आली, पण खाली उतरली नाही. खिडकीशी बसून राहिली. तू माझा डबा घेऊन आली होतीस. तुला तिनं बघितलं. मी काही दाखवलं नाही, तिचं तिनंच ओळखलं. मला म्हणाली, शाळेत जाते? म्हटलं, जाते. हुशार आहे? म्हटलं, आहे. मग म्हणाली, मी न्यायला नाही आले, घाबरू नका. नुसतं बघायचं होतं. तिला घाम सुटला होता. मी तुला म्हटलं, त्या बाईंना पाणी दे.”

“मी?”

“तू तांब्या नेलास आणि खिडकीतून वर दिलास. ती प्यायली. तुला म्हणाली, मोठी हो. त्याच गाडीनं परत गेली, फाट्यावर उतरली. पुन्हा कधी दिसली नाही.”

मी आठवायला लागले. डेपोत मी रोज जायची. खिडक्यांतून किती जणांना पाणी दिलं असेल. अण्णा सांगायचे, मी द्यायची. लुगड्यातल्या बायका, काकणांचे हात, तांब्याकडे पुढे येणारे. मी सगळ्या खिडक्या आठवून पाहिल्या. एकाही खिडकीत चेहरा नव्हता.

“सात वर्षं,” आई म्हणाली. तिचा आवाज मला ओळखू आला नाही. “सात वर्षं झाली त्याला. आणि मी अजून दार वाजलं की आधी फटीतून बघते. हिला जत्रेला नेलं की हिचा हात सोडत नाही. कुठलीही परकी बाई दोनदा हिच्याकडे बघायला लागली, की मी हिला ओढून जवळ घेते. ती न्यायला येणार नाही, हे तुम्हाला माहीत होतं. तोंडानं सांगून गेली ती. आणि तुम्ही मला सांगितलं नाही?”

“मला वाटलं, ती आली होती एवढं ऐकूनच तू धसका घेशील,” अण्णा म्हणाले. “म्हटलं, झालं गेलं, कशाला...”

 आई त्यांच्याकडे बघत होती. ती रडत नव्हती. तोंड थोडं उघडं, डोळे एका जागी खिळलेले, एक हात जमिनीवर टेकलेला, जणू तो उचलला तर ती पडेल. आपण तेव्हा कसे दिसत होतो हे माणसाला स्वतःला कधी दिसत नाही. पण मला ते दिसलं. वर्गात फळ्यापुढे मी अशीच दिसत असणार.

मी उठले. तांदूळ पायाला टोचले. मी आईजवळ जाऊन तिला चिकटून बसले. तिचं अंग गार पडलं होतं, माझ्यासारखंच. तिनं माझा हात शोधला आणि इतका घट्ट धरला की बोटं दुखली.

मग ती बोलली. अण्णांशी नाही, माझ्याशी.

“कशी होती गं दिसायला? तू पाणी दिलंस ना तिला.”

“मला आठवत नाही, आई. खरंच आठवत नाही.”

तिनं माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं आणि बघायला लागली. कपाळ, भुवया, नाक, ओठांच्या कडा. जन्मभर पाहिलेलं माझं तोंड ती पहिल्यांदा बघावं तसं बघत होती. तिचा अंगठा माझ्या गालावरून सावकाश फिरला.

“अशीच असणार,” आई म्हणाली.